गुलाबी मेणाची पट्टी

"मावशी, येताना तुमची कात्री घेऊन या," डॉक्टरांच्या मुलीनं फोनवर एवढंच सांगितलं आणि फोन ठेवला.

मावशी फोन हातात धरून ओट्याशी उभी राहिली. एकतीस वर्षं ती त्या घरी जात होती. दोरा आणा, चिमटा आणा, चष्मा विसरू नका, हे सगळं ऐकून झालं होतं. कात्री आणा असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. गाठवणाऱ्या बाईच्या पिशवीत कात्री असतेच, पण ती लागते अगदी शेवटी, गाठीपुढं उरलेला शेपटा उडवायला. ज्या कामात कात्री आधी मागतात ते गाठवायचं काम नव्हे, एवढं कळायला तिला शाळा लागली नव्हती. तशी ती शाळेत फार गेलीच नव्हती.

तिचा बाप पटवेकरी. सराफाच्या दुकानाच्या पायरीवर बसून लोकांचे दागिने दोऱ्यात गाठवून द्यायचा. पायाच्या अंगठ्याला दोऱ्याचा फास अडकवायचा, दोरा ताणायचा आणि एकेका मण्यामागं गाठ मारत जायचा. बापाचे डोळे गेले तेव्हा पायरीवर पोरगी बसली. साठी उलटली तरी तिच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला दोऱ्याची खाच होती, जुन्या विहिरीच्या कठड्याला पडते तशी.

डॉक्टर तिला त्याच पायरीवर भेटले. ते दातांचे डॉक्टर. हात स्थिर, आवाज मऊ, खिसा खोल. त्यांना एकच नाद होता: भूमध्य समुद्राच्या काठी दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी माणसं जे गळ्यात, कानात, मनगटात घालायची, ते जमवायचं. सोनं असायचं, पण थोडं, पातळ पत्र्याचं आणि आतून पोकळ. खरा जीव काचेवर. निळ्या काचेत पांढरं कडं आणि मध्ये पुन्हा निळा ठिपका असलेले डोळ्यांचे मणी. काचेच्या दोन थरांच्या मध्ये सोन्याचा वर्ख कोंडलेले मणी. काळपट काचेच्या बांगड्या. आणि बोटाच्या पेराएवढी काचेची मुंडकी, मोठ्या डोळ्यांची, दाढीला वेटोळी असलेली. त्यातलं एक मुंडकं हुबेहूब तिच्या सासऱ्यासारखं दिसायचं. ते हातात आलं की ती आपसूक डोक्यावरचा पदर नीट करायची आणि मग स्वतःवरच चिडायची.

तर डॉक्टर त्या दिवशी मूठभर मणी घेऊन सराफाकडं आले. सराफानं पोलादी सुई घातली आणि पहिल्याच मण्याचा टवका उडाला. पायरीवरून ही म्हणाली, "सुई कशाला खुपसता? दोऱ्याचंच टोक डिंकात बुडवून कडक करा. काच जुनी आहे, तिला धातू सोसायचा नाही." सराफ म्हणाला, तू तुझं बघ. डॉक्टर मात्र वळून तिच्या पायरीशी उकिडवे बसले. सूटबूटवाला माणूस आपल्यासमोर उकिडवा बसलेला तिनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. पुढची तीस वर्षं ती त्यांच्या घरातल्याच दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसली.

मणी यायचे ते सुटे, पुडीत, दहा ठिकाणचे एकत्र झालेले. डॉक्टर ते ट्रेवर ओतायचे आणि म्हणायचे, "लाव बघू." मग ती लावायची. कुठला निळा कुठल्या पिवळ्याशेजारी, मध्ये कोण, टोकाला कोण, सगळं तिच्या डोळ्यानं. अशा एक्केचाळीस माळा झाल्या. पुढं डॉक्टरांनी संग्रहाचं पुस्तक छापलं. त्यात फोटोवाल्याचे आभार, बायकोचे आभार, परदेशातल्या दोन पंडितांचे आभार. माळांखाली लिहिलं होतं, "संग्राहकाच्या देखरेखीखाली पुन्हा गुंफलेली." देखरेख म्हणजे ते शेजारच्या खोलीत कुणाची तरी दाढ उपटत असायचे. पुस्तक जाड होतं, कागद गुळगुळीत होता आणि लाज पातळ होती. मावशीनं ते एकदा चाळलं, आपलं नाव शोधलं आणि परत ठेवलं. राग तिच्या नाकावर असायचा, पण ज्या रागाचा उपयोग नाही तो ती बाहेर काढायची नाही.

डॉक्टर जाऊन आठ महिने झाले होते. संग्रह संग्रहालयाला द्यायचं ठरलं होतं. एका दालनाला त्यांचं नाव लागणार होतं.

दवाखान्यातली दाताची खुर्ची काढून नेलेली. फरशीवर तिचे चार बोल्ट तेवढे उरले होते. लांब टेबलावर पांढरा फोम, त्यावर ओळीनं एक्केचाळीस माळा, आणि बाजूला लहान लहान प्लास्टिकच्या पिशव्यांचा ढीग. टेबलामागं संग्रहालयाची संवर्धक, तिशीची, निळे हातमोजे घातलेली. मावशीनं मनातल्या मनात तिचं नाव ठेवलं हातमोजेवाली.

"काकू, बसा ना," ती म्हणाली.

"मावशी म्हणा. काकू व्हायला नवऱ्याला भाऊ लागतो. माझ्या नवऱ्याला नाही."

"आणि मावशी व्हायला?"

"बहीण लागते. तीही नाही. पण सवय झाली."

हातमोजेवाली हसली, आणि मग तिनं जे सांगायचं ते सांगितलं. सरळ सांगितलं, हे तिच्या बाजूनं म्हणायला हवं. संग्रहालय माळा घेणार नव्हतं, मणी घेणार होतं. प्रत्येक मणी सुटा, आपापल्या पिशवीत, आपापल्या नंबरानं.

"का?"

"कारण हा क्रम तेव्हाचा नाही. या एका माळेत चारशे वर्षांच्या अंतराचे मणी आहेत. काचेआड लावली की बघणाऱ्याला वाटेल, तेव्हाची बाई अशीच माळ घालायची."

"छान दिसतात."

"छान दिसतात हीच तर अडचण आहे, मावशी. खटकलं असतं तर कुणी फसलं नसतं."

"म्हणजे खोट्या म्हणा की."

"मणी खरे आहेत. माळ कुणाची नाही."

"माझी आहे," मावशी म्हणाली.

हातमोजेवालीनं मान खाली घातली आणि पिशव्या सारख्या केल्या. डॉक्टरांची मुलगी दारात उभी होती. ती दहा वर्षांची असताना मावशी तिला "अगं तू" म्हणायची. ती घराची मालकीण झाली तेव्हापासून "ताई, तुम्ही". ताई हळूच म्हणाली, "दुसऱ्या कुणाकडून कापून घेतलं असतं. पण यांचं म्हणणं, गाठ जिनं मारली तिलाच ती सोडवता येते."

हे खरं होतं. प्रत्येक मण्यामागं गाठ. दोरा एका टोकाला कापून ओढला तर गाठ मण्याच्या भोकात अडकते आणि काठ उडतो. शिवाय अशी काच जमिनीत राहून राहून पापुद्र्यांची होते. त्या पापुद्र्यांवर मोरपिशी झाक असते, बघत राहावी अशी, पण बोट घासलं की बोटाला चिकटून येते. म्हणून गाठ गाठ करून कापायचं, मणी उचलायचा, पुन्हा गाठ.

तीन दिवस ती कापत होती. तिला वाटलं होतं रडू येईल. आलं नाही. मानेचा मणका दुखला, हाताच्या अंगठ्याच्या बुडाशी कळ आली, चष्म्याच्या काड्यांनी कानामागं लाल केलं. दहाव्या माळेपर्यंत राग टिकला, मग तोही थकला. विसाव्या माळेला तर तिला स्वतःचीच खोड दिसू लागली: तरुणपणी हिला मध्ये निळाच हवा असायचा, काही झालं तरी निळा. बरं झालं सुटलं, असंही एकदा वाटून गेलं. सासऱ्याचं मुंडकं पिशवीत गेलं तेव्हा ती म्हणाली, "जा बाबा, सुटलास." हातमोजेवालीनं विचारलं कोण सुटलं. "आहे एक नातेवाईक," मावशी म्हणाली.

तिसऱ्या दिवशी चार वाजता सदतीस माळा झाल्या. मग ताईनं चहा आणला आणि हातमोजेवाली म्हणाली, "उरलेल्या चार उद्या."

उरलेल्या चारात अडतीस नंबर होती. मावशीला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं की अडतीस येणार आहे. ती तिच्याकडं बघत नव्हती.

अडतीसची गोष्ट अशी. अठरा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी एका दुपारी दवाखाना बंद केला, पेशंटना परत पाठवलं आणि तिला बोलावून घेतलं. ट्रेवर पत्र्याचा बिस्किटांचा डबा होता. डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेलं मातीचं ढेकूळ, दोन विटांएवढं. तीन बाजू फावड्यानं कापलेल्या, चिकट आणि सपाट. वरच्या बाजूनं मातीतून चार निळे डोळे वर बघत होते.

"हात लावू नकोस," डॉक्टर म्हणाले. "आधी नुसतं बघ."

मणी सुटे नव्हते. दोरा कधीच कुजून गेला होता, पण मणी ज्या ओळीत गळ्यात होते त्याच ओळीत मातीत निजले होते. कुणाच्या गळ्यात, हे विचारायची गरज नव्हती. माती कुठून आली आणि फावडं कुणाचं, हेही तिनं विचारलं नाही. न विचारणं हा त्या नोकरीचा भाग होता. आज ती ते असं सांगत नाही, पण तेव्हा तसंच होतं.

चार महिने लागले. दात कोरायच्या सळया, मऊ कुंचला, रबरी फुंकणी. आणि गुलाबी मेण, ज्यावर कवळी बसवून बघतात ते. डॉक्टरांनी त्याची लांब पट्टी कापून दिली. मणी मातीतून मोकळा झाला की मेण तळहातावर ऊब देऊन मऊ करायचं, मणी उचलायचा, पट्टीवर त्याच्या जागी दाबायचा, ठसा घ्यायचा, मग नंबर टाकून कप्प्यात ठेवायचा. एकसष्ट मणी, एकसष्ट ठसे, एका ओळीत.

मातीच्या तळाशी एक दात निघाला. डॉक्टरांनी तो खिडकीशी नेऊन उजेडात धरला आणि पेशंटचा धरतात तसा फिरवला.

"दुधाची दाढ. मूळ विरघळत आलं आहे. पडायलाच आली होती. दहा वर्षांची असेल, नाहीतर थोडी लहान."

"पोरगी?"

"ते दात सांगत नाही."

बोलता बोलता त्यांनी तो फळीवरच्या बरणीत टाकला. त्या बरणीत उपटलेले दात साठवायचे, विद्यार्थ्यांना द्यायला. वाईट हेतूनं नाही टाकला, हाताच्या सवयीनं टाकला. संध्याकाळी मावशीनं बरणी पालथी घातली. शेकड्यांनी दात. कुठला दोन हजार वर्षांचा आणि कुठला परवाचा, ओळखता आलं नाही.

माळ गाठवताना एक गोष्ट तिच्या डोळ्यात सलली. सगळी ओळ नीट होती: वर्खाचा, निळा, वर्खाचा, निळा, दोन्ही बाजूंनी सारखी. फक्त एकोणिसाव्या जागी, वर्खाचा मणी हवा तिथं, मातीचा मणी. कुणीतरी घरी मळून चुलीत भाजलेला, वरून निळं फासलेलं, तेही उडालेलं. भोक तिरपं. मूळचा फुटला असेल, घरच्या कुणी दुसरा करून दिला असेल. मावशीनं तो तिथून उचलला आणि एकसष्टाव्या जागी, मानेमागं, फासाजवळ टाकला. तिथला वर्खाचा मणी एकोणिसाव्या जागी आणला. माळ हसली. डॉक्टर म्हणाले, "काय समतोल साधला होता त्या लोकांनी." तिनं फासाची गाठ घट्ट केली. तिला तेव्हा बरं वाटलं होतं.

नंतर डॉक्टर म्हणाले, "ढेकूळ आलंच नव्हतं, समजलं ना? मणी सुटे आले. मेण वितळवून टाक." माती त्यांनी स्वतः बाल्कनीतल्या कुंड्यांत ओतली. मेण तिनं वितळवलं नाही. घरी नेलं, डब्यात घातलं, आणि मोरीच्या फळीखाली, जिथं कायम गार असतं, तिथं ठेवलं. का ठेवलं, हे तिला सांगता आलं नसतं. आपल्या हातचं काही फेकायचं नाही, एवढंच असेल.

संध्याकाळी तिनं तो डबा काढला. नवरा खाटेवर पाय पसरून रेडिओ खोलत बसला होता. तो निवृत्त लिफ्ट मेकॅनिक. सरळ चालणारी वस्तू त्याला बघवत नसे.

"झालं का कापून?" त्यानं विचारलं.

"चार राहिल्या."

"मग उद्या संपलं. मानेला मलम लाव."

तिनं पट्टी पुढ्यात ठेवली. थोडी वाकली होती, एका टोकाला माशीचा पाय चिकटला होता, पण ठसे शाबूत होते. काही ठशांत मातीचे कण अजून रुतलेले. तिनं त्याला सगळं सांगितलं, ढेकळाचंही. अठरा वर्षांत पहिल्यांदा.

नवऱ्यानं पेचकस खाली ठेवला. "म्हणजे कुणाचं तरी थडगं खणलं होतं."

"हो."

"आणि तू सांगितलंस तर?"

"तर ती एक माळ कापता येणार नाही. क्रम खरा आहे ना तिचा. पण मग ती चोरीची ठरेल. दालनावरचं नाव अडकेल. ताई तोंड बघणार नाही."

"आणि नाही सांगितलंस तर?"

"तर उद्या दुपारपर्यंत एकसष्ट पिशव्या."

नवऱ्यानं रेडिओ बाजूला सरकवला. "तुझं नाव कुठं आहे का त्या पुस्तकात?"

"नाही."

"मग कशाला डोक्याला ताप? तीस वर्षं मी लिफ्ट चालू ठेवल्या. चालू असली की कुणी विचारलं नाही, बंद पडली की सगळ्या इमारतीला माझं नाव पाठ. आपण बोललो की आपणच सापडतो."

"सापडणार तर आहेच मी. त्या माळेतला एक मणी मी हलवला आहे."

नवरा तिच्याकडं बघत राहिला. चाळीस वर्षांच्या संसारात ही बाई चुकले असं म्हणाल्याचं त्याला आठवत नव्हतं. "हे कुणाला माहीत आहे?"

"या मेणाला."

"मेण बोलत नाही."

"उद्या बोलेल," ती म्हणाली आणि डबा बंद केला. त्यानं उठून स्वतःच मलम आणलं आणि तिच्या मानेला लावलं. लावताना पुटपुटला, "डोकं फिरलंय हिचं," पण हात हळू होता.

सकाळी तिनं आधी ताईला गाठलं. पाठीमागून काही करायचं नाही, हा तिचा स्वभाव. ताई पॅसेजमध्ये खोक्यांना चिकटपट्टी लावत होती. आठ महिने ती हेच करत होती: वडिलांचे बूट, वडिलांची औषधं, वडिलांची पुस्तकं. डोळ्यांखाली काळं झालं होतं.

मावशीनं सांगितलं. ताईनं मध्येच थांबवलं. "मावशी, आता जुन्या गोष्टी उकरू नका."

"उकरणारे दुसरेच होते, ताई."

"बाबा गेलेत. ते उत्तर द्यायला नाहीत."

"ती पोरगीही नाही."

"कुठली पोरगी? तुम्हाला तरी ठाऊक आहे का पोरगी होती म्हणून?" ताईनं चिकटपट्टी दातानं तोडली. "बाबांनी तुम्हाला तीस वर्षं काम दिलं."

"मीही त्यांना तीस वर्षं काम दिलं," मावशी म्हणाली. आवाज चढला नाही. चढवायचं त्राणच नव्हतं. "तुम्हाला सांगून जाते, एवढंच. विचारून नाही."

ती आत गेली आणि डबा टेबलावर ठेवला. हातमोजेवाली अडतीसचा फोटो काढत होती. मावशीनं उभ्याउभ्या सांगितलं: ढेकूळ, चार महिने, मेण. दाताचंही सांगितलं. सांगताना स्वतःला कुठं वगळलं नाही, आणि कुठं गोडही केलं नाही.

हातमोजेवालीच्या चेहऱ्यावर आधी संशय आला, मग मेण बघून तो गेला. तिनं भिंग काढलं. "मातीचे कण आहेत यात," ती जवळजवळ कुजबुजली. मग अडतीस उचलून पट्टीशेजारी मांडली आणि ठसा नि मणी, ठसा नि मणी, असं जुळवत निघाली. पहिला बसला. पाचवा बसला. बाराव्याला ती हसायला लागली होती. एकोणिसाव्याला थांबली.

"हे जुळत नाही. ठसा मोठा आहे, भोक तिरपं आहे. इथं वर्खाचा मणी नव्हता." ती पुढं सरकली, शेवटपर्यंत गेली. "आणि एकसष्टही जुळत नाही. बाकी सगळे जुळतात." तिनं भिंग खाली ठेवलं. "मेण वाकलं असेल का? इतकी वर्षं झाली."

मावशीला वाट मिळाली होती. मेण वाकलंच होतं, सगळ्यांना दिसत होतं. हो म्हटलं असतं तर खपलं असतं. तिनं अंगठ्याच्या बुडाशी दाबून धरलं, जिथं कळ येत होती.

"मेण बरोबर आहे," ती म्हणाली. "मी बदलला. एकोणीस आणि एकसष्ट."

"का?"

"छान दिसत नव्हता."

हातमोजेवालीनं मानेमागचा तो मातीचा मणी बोटानं न शिवता चिमट्यानं किंचित वळवून पाहिला. तिला राग आलाय की कीव, मावशीला कळेना. आणि मावशीला दोन्ही नको होतं.

"मला साहेबांना विचारावं लागेल," हातमोजेवाली म्हणाली आणि फोन घेऊन बाल्कनीत गेली. काचेतून तिची पाठ दिसत होती. बराच वेळ ती ऐकत होती, मग मान हलवत होती, मग पुन्हा ऐकत होती. परत आली तेव्हा चेहरा कोरडा होता, वरून ऐकून आलेल्या माणसाचा असतो तसा.

"ही माळ देणगीतून बाहेर. चौकशी होईल, कुठल्या देशातली ते ठरेल, मग त्यांना कळवतील. वर्षं लागतील. बाकीच्यांचंही काय ते बघतील, पण त्यांचं काम थांबवायचं नाही. तोवर ही जशी आहे तशी सील करायची."

"म्हणजे कापायची नाही."

"नाही. वादातल्या वस्तूला कुणी हात लावायचा नाही."

मावशीनं खुर्ची ओढली आणि बसली. चार दिवसांत ती पहिल्यांदा पाठ टेकून बसली असेल. मग काहीतरी आठवून पुढं झुकली. "दोनच मणी आहेत. दोन गाठी सोडते, अदलाबदल करते, परत बांधते. तुमच्यासमोर. पाव तास."

"नाही, मावशी."

"पण चूक आहे ती. माझी आहे. मलाच काढता येईल."

"माहीत आहे. पण जशी आहे तशी म्हणजे तशीच." हातमोजेवालीनं हातमोजे काढले. हात गोरे आणि सुरकुतलेले, भिजल्यासारखे. "तुम्ही फक्त लिहून द्यायचं. काय बदललं ते."

दारात ताई कधीपासून उभी होती कोण जाणे. ती आत आली नाही. म्हणाली, "मी शाळेतून आले होते त्या दिवशी. बाबा भर दुपारी कुंड्यांत माती घालत होते. मी विचारलं तर म्हणाले, खत आहे." तिनं बाल्कनीकडं बोट केलं. "डावीकडच्या दोन कुंड्या. घ्या काय घ्यायची ती माती. पण त्यात आईनं लावलेलं झाड आहे. ते उपटू नका."

हातमोजेवाली चमचा आणि पिशवी घेऊन पुन्हा बाल्कनीत गेली. ताई मावशीकडं न बघता खोक्यांकडं परतली. चहा काही त्या दिवशी आला नाही.

कागद छापील होता. नाव. वय. व्यवसाय. मावशीनं चष्मा पुसला. अक्षरं तिची मोठी, सुटी, एकेक वेगळं काढलेली.

"व्यवसाय काय लिहू?"

"तुम्ही काय सांगता लोकांना?"

"कुणी विचारत नाही." तिनं थोडा वेळ पेन धरून ठेवलं आणि लिहिलं, "गाठवते." खाली लिहिलं, की अडतीस नंबरच्या माळेतला एकोणिसावा मणी मातीचा आहे, तो मी काढून शेवटी घातला, तो परत आपल्या जागी जावा. मग सही. एवढ्या संग्रहात, जाड पुस्तकासकट, तिचं नाव असलेला हा पहिला कागद. तो तिच्या चुकीचा होता. तिनं तो दोनदा वाचला, एक काना राहिला होता तो दिला, आणि सरकवला.

हातमोजेवालीनं माळ आणि मेण एकाच पेटीत ठेवलं, शेजारी शेजारी. झाकण लावलं, पट्टी मारली, सही केली. पेटी भिंतीशी गेली.

"आजच्या दिवस घरी जाता का?" तिनं विचारलं. "तीन राहिल्यात. उद्या केल्या तरी चालेल."

मावशीनं टेबलाकडं पाहिलं. एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस. तिन्ही हिच्याच डोळ्यानं लावलेल्या, तिन्हींत मध्ये निळा. मान दुखत होती. उद्याही दुखलीच असती.

"आणा इकडं," ती म्हणाली आणि कात्री उचलली. चप्पल काढून पाय वर घेतला, एकोणचाळीसचं टोक अंगठ्याच्या खाचेत अडकवलं, दोरा ताणला, आणि पहिली गाठ कापली.